पूर्वेकडच्या कड्या

"पाणी टाकतानी घाई करू नोको, सूनबाई. धार बारीक ठेव, पण तुटू देऊ नोको."

माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी मला हे म्हणाले होते. माडीवरच्या देवघरात, दगडी ओट्यात बसवलेल्या पिंडीपुढे. तांब्याची कळशी माझ्या हातात दिली आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. धार दोनदा तुटली. ते रागावले नाहीत, नुसते खाकरले. त्या खाकरण्याची मी अशी काही धास्ती घेतली की पुढं कधी माझ्या हातून धार तुटली नाही.

मामाजी गेले, कुणालचे बाबा गेले, कुणालचं लग्न झालं, पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं. कळशी तीच राहिली. रोज सकाळी एक, श्रावणात संध्याकाळी आणखी एक. ओट्याला पन्हळ होती. तिच्यातून पाणी भिंतीतल्या नळीत उतरायचं आणि नळीतून मागच्या अंगणात तुळशीपाशी निघायचं. देवाच्या पाण्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून मामाजींनी ते करून घेतलं होतं.

यंदा पोळा झाला आणि श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून दगडफेक करायची आमच्याकडची जत्रा, म्हणून सगळं गाव नदीवर गेलेलं. कुणालही गेला होता. मी पूजा आटोपून उठले, भिंतीच्या कडेनं दोन पावलं टाकली आणि पाय खाली गेला.

पडले नाही. खाली अजून एक पायरी आहे असं न कळता पाय टाकावा, तसं काहीतरी झालं. जमीन दबली आणि परत वर आली. मी तिथंच उभी राहिले. मग अंगठ्यानं हळूच दाबून पाहिलं. पुन्हा दबली.

आमचं घर कडीपाटाचं. खालच्या खोलीच्या मधोमध म्याल, म्हणजे मोठी आडवी तुळई. म्यालीपासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत ओळीनं सागवानी कड्या. कड्यांवर लाकडी पाट, पाटांवर माती, आणि त्या मातीवर आमचा देव आणि आम्ही. खालच्या खोलीत वच्छलाचं शिलाईचं दुकान होतं. वच्छला आमची भाडेकरू. कुणाल शाळेत जायचा तेव्हापासून ती त्या खोलीत ब्लाऊज शिवायची. नवऱ्यामागं दोन्ही पोरींची लग्नं तिनं त्याच मशीनवर केली. मशीन पूर्वेच्या खिडकीखाली असे, उजेडासाठी. त्या दिवशी गोटमारीमुळं दुकान बंद होतं. नाहीतर जिथं माझा पाय दबला, बरोबर त्याच्याखाली तिचं डोकं असतं.

हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. स्वयंपाक करता करता मी दोनदा वर जाऊन आले. देवघराच्या दाराशी उभी राहून आत पाहायची आणि परत यायची. सूनबाई पल्लवी म्हणाली, "आई, तुम्ही वर-खाली कमी करा. माडी पडायची असली तं तुमच्या चकरांनीच पडन."

कुणालनं दुसऱ्या दिवशी मधुकर वाढयाला, म्हणजे सुताराला, आणलं. मधुकर हाताचा चांगला, पण बोलण्यात कोणालाच नाराज करत नाही. समोर जो उभा असेल त्याचं खरं. वच्छलाच्या दुकानात त्यानं स्टुलावर चढून कड्या ठोकून पाहिल्या. म्यालीकडं खणखणीत वाजत होत्या. भिंतीकडं सरकला तसा आवाज बसत गेला. मग त्यानं स्क्रू पिळायचा पेचकस काढला आणि भिंतीजवळ कडीच्या टोकात खुपसला. सरकीच्या ओल्या ढेपेत जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. मधुकरनं तो बाहेर काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

तीन कड्यांची टोकं गेली होती. चौथीची शंका होती. मधुकर म्हणाला, खोली खाली करावी लागेल. टेकू लावायचे, पाट उघडायचे, कुजलेलं कापायचं, नवं लाकूड जोडायचं. एवढ्यात कुणालची नजर वच्छलाच्या इस्त्रीवर गेली. ती वाफेची मोठी इस्त्री तिनं हौसेनं घेतली होती.

"दिवसभर ही वाफ वर जाते," कुणाल म्हणाला. "जाईन कुठं? लाकडातच मुरते ना."

"वाफ तं लाकडाले खातेच जी," मधुकर लगेच म्हणाला.

वच्छला गळ्यात टेप घालून उभी होती. तिनं वर कड्यांकडं पाहिलं, मग एकदा माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं असं मला वाटलं. पण ती काही बोलली नाही. टेबलावरचं कापड घडी करायला लागली. मला वाटलं, तिनं मानलं. बिचारीला चूक समजली, म्हणून गप्प झाली.

सामान न्यायला छोटा हत्ती टेम्पो आला. तिगावला तिच्या भावाचं घर आहे, तिथं ओसरीत मशीन ठेवायचं ठरलं. सगळं भरून झालं तरी ती खोलीत रेंगाळत होती. खिडकी लावली, परत उघडली, परत लावली. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मी परत येईन ना, यमुनाबाई?"

"दसऱ्याची गर्दी लागायच्या आत तुझी मशीन याच खिडकीखाली लागन, वच्छला," मी म्हटलं. "मी शब्द देते."

तिनं मान हलवली. कुणाल तेव्हा गाडीवाल्याशी बोलत होता. त्यानं ते ऐकलं नाही, आणि मी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

काम सुरू झालं. सौंसरला एक जुनं घर पाडत होते, तिथून कुणालनं सागवान आणलं. नवं लाकूड ओलं असतं, वाकतं, असं मधुकर म्हणाला. त्यानं पूर्वेच्या भिंतीजवळ म्यालीला समांतर बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, उभ्या केल्या, त्यांच्या डोक्यावर आडवं लाकूड आणि खाली ट्रॉलीचे जॅक. बसलेल्या कड्या वर उचलायच्या होत्या. पण एकदम नाही. सकाळी थोडं फिरवायचं, संध्याकाळी थोडं. एकदम उचललं तर भिंत फाटते. जॅकचा दांडा फिरला की सारं घर कण्हायचं. वर कपाटाचं दार आपोआप उघडायचं, उतरंडीतली भांडी किणकिणायची. खाली कोणी काही करत नसतानाही मग मला तेच ऐकू यायला लागलं. जेवताना घास हातात धरून मी ऐकत बसायची. "काही नाही जी आई," पल्लवी म्हणायची, "शेजाऱ्याचा कुलर आहे तो."

आणि मधुकरनं दुसरी गोष्ट सांगितली. "काकू, काम होईपर्यंत वर पाणी नोको."

पिंड ओट्यात पक्की बसवलेली, ती हलवणार नव्हतोच; तिच्याखाली स्वतंत्र टेकू होता. मी आंघोळ करून देवघराच्या दाराशी बसायची, फूल वाहायची, कोरडं बेलाचं पान ठेवायची, जप करायची. कळशी कोपऱ्यात उपडी. जप चालू असायचा आणि हात मात्र मांडीवर नुसते पडलेले. सुतकाचे दिवस सोडले, तर इतक्या वर्षांत एक सकाळ अशी गेली नव्हती. तापात गेली नव्हती, कुणालचे बाबा गेले त्यानंतर सुतक फिटलं त्या सकाळीही गेली नव्हती. देव काही म्हणणार नाही हे मला कळत होतं. हातांना कळत नव्हतं. मग मी उठून अंगणात जायची, तुळशीला पाणी घालायची, आणि मला वाटायचं, तुळस यंदा इतकी सुकल्यासारखी का दिसते? याआधी मी तिला वेगळं पाणी कधीच घातलं नव्हतं. तिला नळीचं पाणी मिळतं असंच मी धरून चालले होते.

एका दुपारी वच्छलाचा फोन आला. तिगावच्या ओसरीत पाऊस आत येतो, मशीनवर ताडपत्री टाकून ठेवावी लागते, असं काहीबाही सांगत होती. खोलीचं विचारील म्हणून मी वाट पाहत होते. तिनं ते विचारलंच नाही.

"यमुनाबाई, पूजा तं बंद नाही ना पडली?"

मी म्हटलं, पाणी बंद आहे, काम होईपर्यंत.  ती म्हणाली, "काम झालं की सुरू कराल ना पण? पहिल्यासारखं?" मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला नवल वाटलं, हिला माझ्या पूजेची एवढी काळजी कशाला.

त्याच आठवड्यात जेवताना कुणालनं विषय काढला. त्यानं काही लपवून ठेवलं होतं असं नाही. बसस्टँडकडच्या रस्त्यावर चष्म्याचं एक छोटं दुकान आहे, त्या माणसाला मोठी जागा हवी होती. जिल्हा झाल्यापासून सरकारी माणसं गावात राहायला आली आहेत, चष्मे खूप खपतात म्हणे. आमची खोली त्याला आवडली होती. काच लावणार, एसी लावणार, कड्या दिसू नयेत म्हणून खाली पांढरं छत करणार. कुणालनं त्याला हो म्हटलं होतं.

मी म्हटलं, ती खोली वच्छलाची आहे.

"आई, त्या बाईनं माडी सडवली," कुणाल म्हणाला. "सडवली, अन् एका शब्दानं सांगतलं नाही. तिलेच परत आणून बसवायचं? उद्या तुझ्यासकट देवघर खाली आलं असतं."

त्यात खोटं काय होतं?  वच्छला गप्प राहिली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी एवढंच म्हटलं की मी तिला शब्द दिला आहे. तो म्हणाला, तुला माहीत नव्हतं तेव्हा दिला. ते उष्ट्या हातानंच संपलं. पल्लवीनं ताटं उचलली.

तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नव्हते. शब्द दिला होता हे खरं, आणि जिनं घराचं लाकूड खाल्लं तिला घरात का ठेवायचं, हेही खरं वाटत होतं. जपात मन लागेना. मणी पुढं जायचे आणि मी मागंच राहायची. कोणाचं नुकसान झालं आहे, आपलं की तिचं, हाच हिशेब चालायचा. मी अशी चिडचिडी कधी नव्हते. एकदा तर बेलाची पानं निवडताना मी किडक्या पानाबरोबर चांगली पानंही टाकत होते, हे पल्लवीनं दाखवल्यावर लक्षात आलं.

मधुकरनं कड्यांची कुजलेली टोकं कापली त्या दिवशी मी खाली गेले होते, चहा द्यायला. कुणाल दुकानावर होता, त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. भिंतीत जिथं कडीचं टोक बसतं तिथं कोनाडा असतो. मधुकरनं त्यात हात घालून आतला चिखल उपसून काढला आणि तो हात तसाच पुढं धरून उभा राहिला.

"काकू, इकडं या. हे पाहा बरं."

काळा गाळ होता. लाकडाचा भुसा, माती. त्यात तांदळाचे दाणे होते, फुगून काळे पडलेले. चंदनाचा पापुद्रा होता. आणि पानं. सडून नुसत्या शिरा उरलेली, पण तीन-तीन जोडलेली पानं. रोज ज्या हातानं ती वाहिली त्या हाताला ओळखू न यायला काय झालं?

मधुकरनं कोनाड्याच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं. मामाजींची नळी तिथून जात होती. जोडाशी ती कधीतरी उसवली होती. पाणी तुळशीकडं जातच नव्हतं. भिंतीतून उतरून कड्यांच्या टोकांशी मुरत होतं. दरवर्षी, दररोज, बारीक, न तुटता.

"हे तं देवाचंच पाणी हाय, काकू," मधुकर हळू आवाजात म्हणाला. मग दाराकडं पाहून म्हणाला, "कुणालभाऊले मी वाफ म्हणून सांगतलं. आता मी काही पाहिलं नाही. तुमी पाहा, सांगाचं तं."

शंका होती ती चौथी कडी चांगली निघाली होती, तिच्या खालच्या अंगाला त्याला एक आकडा सापडला. पडद्याचा असतो तसा, आणि त्याला तारेचा फास. हा कशाला लावला असेल, असं तो पुटपुटला. भिंतीपासून वीतभर अंतरावर होता. मला काही सुचलं नाही. मी तो गाळ आणि ती पानं एका ताटलीत घेऊन वर आले.

पल्लवी भाजी चिरत होती. ताटलीत पाहून तिनं विचारलं, मी सांगितलं. आकड्याचंही सांगितलं. विळीवरचा तिचा हात थांबला.

"तो गडवा टांगायचा आकडा," ती म्हणाली.

"कोणता गडवा?"

"पितळेचा, इवलासा. वच्छलाबाईचा." पल्लवी माझ्याकडं पाहायला लागली. "तुम्हाले माहीत नाही? सकाळी वर तुमची घंटा वाजली की थोड्या वेळानं टपटप सुरू व्हायचं. ती त्या गडव्यात धरायची. माप घ्यायच्या आधी सगळ्या बायांच्या हातावर पळीभर द्यायची. मले दोनदा देलं. डोळ्याले लावून पेली मी. मले वाटे, तुम्हीच मुद्दाम खाली सोडता; गळते हे डोक्यातच नाही आलं."

"मी कशाला सोडीन?"

"तेच ना. सगळ्या बायांले हेच वाटे. दसऱ्याचा ब्लाऊज शिवायले गेलं की तीर्थ भेटते म्हणून सांगत एकमेकींले." तिला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. "आई, अर्धं पांढुर्णा आपली माडी पेऊन गेलं."

मी ताटली खाली ठेवली. हसू मलाही आलं असावं, पण ते फार वेळ टिकलं नाही. वच्छला डोळ्यांपुढं उभी राहिली, गळ्यात टेप, कड्यांकडं पाहणारी. तिला ठाऊक होतं. कुणाल इस्त्रीचं नाव घेत होता तेव्हा तिला पक्कं ठाऊक होतं की हे पाणी कुठून येतं. तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. का मिटलं, ते आता कळायला मला काही कष्ट पडले नाहीत. तिनं सांगितलं असतं, तर कोणीतरी मला म्हणालं असतं की तुमच्या पूजेनं घर कुजवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून माझी कळशी बंद. म्हणून फोनवरही तिनं खोलीचं विचारलं नाही, पूजेचं विचारलं.

कुणाल घरी आला तेव्हा मी ताटली त्याच्यापुढं ठेवली. त्यानं बोटानं पानं उलटीपालटी केली. पल्लवीनं गडव्याचं सांगितलं. 

मग म्हणाला, "मंग तिनं सांगतलं काहून नाही? गळून राहिलं एवढंच म्हणायचं होतं. नळी बदलणं म्हणजे दोन घंट्याचं काम."

"देवाचं पाणी गळून राहिलं, असं कोणी कोणाले सांगते का, बाबू?" मी म्हटलं. "तू सांगतलं असतं. मी नसतं सांगतलं. तिच्या जागी मी असती तं मीही गडवाच धरला असता."

"म्हणजे तुमचं दोघींचं डोकं सारखंच."

"हो."

तो चिडला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. चिडला असता तर बोलणं सोपं गेलं असतं. तो म्हणाला की झालं ते झालं, इस्त्रीचं मी उगाच बोललो, भेटली तर माफी मागीन. पण चष्मेवाल्याला हो म्हणून बसलो आहे. त्यानं काचेवाल्याला मापं दिली. आता गावात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

"आहे ना," मी म्हटलं. "पण माझा शब्द आधी गेला होता."

"मले विचारून देला होता?"

"नाही."

"मंग तूच जाऊन सांग त्याले. मी नाही जाणार."

हे तो रागानं म्हणाला नाही. त्याला ठाऊक होतं की मी जाणार नाही. घर कुणालच्या बाबांनी माझ्या नावावर केलं होतं, पण मी कधी कोणा परक्या माणसाच्या दुकानात जाऊन व्यवहाराचं बोलले नव्हते. भाजीवाल्यानं कमी तोललं तरी मी तशीच घेऊन येते, आणि पल्लवी परत जाऊन भांडते. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मी ताटली उचलून आत गेले. कुणालनं ते संपलं असं धरलं.

माझ्यापुरतं संपलं नव्हतं. पुढचे दिवस मी फक्त येरझारा घातल्या. घटस्थापना जवळ आली होती, म्हणजे ब्लाऊजांची गर्दी सुरू व्हायची वेळ. मनात मी त्या चष्मेवाल्याशी बोलायची. भाकरी थापताना बोलायची, दळण निवडताना बोलायची. प्रत्येक वेळी तो काहीतरी वाजवी बोलायचा आणि माझं वाक्य अर्धंच राहायचं. देवापुढं बसले की मागायचं काय तेही कळेना. त्याचंच पाणी, त्याच्यापुढंच बसून तक्रार कशी करायची?

मधुकरचं काम मात्र पुढं सरकत होतं. कुजलेलं कापून उरलेल्या चांगल्या कडीला त्यानं बाजूनं सौंसरच्या सागवानाची जोड दिली, आरपार बोल्ट घालून. भिंतीत जाणाऱ्या टोकांना इंजिनाचं जळकं तेल पाजलं. कोनाड्यात चुना-सिमेंट भरून पक्कं करू का, असं त्यानंच आधी विचारलं आणि मग त्यानंच नको म्हटलं. लाकडाला चारी अंगांनी हवा राहिली पाहिजे. नळी काढून टाकली, भोक बुजवलं. आता पन्हळीच्या तोंडाखाली मोठं ताम्हन बसवलं आहे. पाणी त्यात जमेल आणि मी ते हातानं उचलून अंगणात नेईन. जिना उतरेपर्यंत गुडघे बोलतात, तेवढं चालेल.

जॅक काढले त्या दिवशी घर एकदाच मोठ्यानं करकरलं आणि गप्प झालं. मी वर भिंतीच्या कडेनं चालून पाहिलं. जमीन हलली नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

खालून मधुकरनं हाक मारली. चष्मेवाल्यानं छताच्या पट्ट्या पाठवल्या होत्या, त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्या कड्यांना खिळ्यांनी ठोकायच्या होत्या म्हणजे पांढरं छत बसतं. मधुकरच्या तोंडात दोन खिळे होते. ते काढून त्यानं विचारलं, "काकू, ठोकू का? म्हणजे, ठोकलं की मंग ठोकलं. सागाले भोकं पडतात."

जुनी कडी काळी होती, जोडलेली तांबूस. खिडकीतून येणारा उजेड त्यांच्यावर पडला होता आणि खाली रिकामी जमीन होती, मशीनच्या पायांचे चार खळगे असलेली.

"नको ठोकू," मी म्हटलं.

"कुणालभाऊले काय सांगू?"

"मी नको म्हटलं म्हणून सांग."

मधुकरनं माझ्याकडं असं पाहिलं की मीच ओरडले की काय असं मला वाटलं. मी ओरडले नव्हते. तो म्हणाला, "बरोबर हाय जी. सागाले भोकं पाडूच नये." आणि खिळे खिशात टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर मी बाहेरचं लुगडं नेसले. खुंटीवरून खालच्या खोलीची किल्ली काढली. कुणाल ओसरीवर पेपर वाचत होता. काल मधुकरनं त्याला सांगितलंच असणार, पण तो रात्री काही बोलला नव्हता. मी चपला घालायला लागले तेव्हा त्यानं पेपर खाली केला.

"कुठं?"

"तिगावले जाते. वच्छलाले आणायले."

"अन् चष्मेवाला? तो आज येणार आहे पट्ट्या पाहायले."

"त्याले आधी भेटते."

"तू?"

मी मान हलवली. तो माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. गाडीवर सोडू का, असं तो विचारील असं मला एक क्षण वाटलं. त्यानं पेपर परत वर धरला. पानं मात्र उलटली नाहीत.

पल्लवी आतून आली आणि माझ्या पिशवीत कापडाचे दोन तुकडे कोंबले, एक लाल, एक मोरपंखी. "वच्छलाबाईले सांगा, अष्टमीच्या आधी पाह्यजेत. अन् गळा मागच्यापेक्षा मोठा. मागचा इतका लहान केला की मुंडकं अडकते." मग कुणाल ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "घरात दुकान असतानी मी दुसरीकडं कायले जाऊ?"

मी बाहेर पडले. कोपऱ्यावर तिगावकडं जाणारी ऑटो उभी होती, निम्मी भरलेली. ड्रायव्हरनं बसता का म्हणून हात केला. बसून जाणं किती सोपं होतं. वच्छलाला घेऊन यायचं, मशीन लावायची, आणि चष्मेवाल्याचं काय ते कुणालनं पाहावं. तळहाताला घाम आला होता, किल्ली ओली झाली होती. मी ड्रायव्हरला नंतर येते म्हटलं, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि बसस्टँडकडच्या रस्त्याला लागले. दुकानं नुकती उघडत होती.